कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात कोणाचं नाव?

समाजकार्याचं शिक्षण संपवून मदतकार्यात उतरू पाहणाऱ्या एका मुलीने विचारलंय: ‘ज्या देशात युद्ध झालंय, खायला मिळत नाही, तिथे स्त्री-पुरुष समानता आणि वंचित गटांचं काम खरंच होतं, की नुसतं अहवालापुरतं? आधी पोट, मग समानता, असा साधा क्रम का नको?’

प्रश्न प्रामाणिक आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, मी कामाला लागले तेव्हा आमच्या तोंडी हेच वाक्य असायचं: आधी छपराला पत्रे, मग बाकीचं. पुढे २००५ पासून कामाची बरीच वर्षं श्रीलंकेत गेली, म्हणून तिथलंच सांगते. सगळ्या देशांना लागू पडेल असं काही माझ्याकडे नाही.

पोट आधी, हे कबूल. पण पोटापर्यंतचा रस्ता कागदावरून जातो. तांदळाचं पोतं, ताडपत्री, घराचा हप्ता, नुकसानभरपाई हे सगळं यादीत नाव असलेल्याला मिळतं आणि यादी ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यापासून सुरू होते. त्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं हे ठरलं, की समानतेचा निर्णय झालेला असतो. आपण तो घेतलाय हे आपल्या लक्षातही येत नाही, एवढंच.

माझ्या लक्षात आलं ते पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत श्रीलंकेत सुमारे ३५ हजार माणसं गेली आणि पूर्व किनारा जवळजवळ पुसला गेला. त्या भागातल्या तमिळ आणि मुस्लिम समाजांत एक जुनी रीत आहे: लग्नात मुलीला घर द्यायचं आणि नवऱ्याने बायकोच्या घरी राहायला यायचं. आईबाप पोटाला चिमटा घेऊन पोरीसाठी घर बांधतात. हुंडाच तो, त्यात गोड मानण्यासारखं सगळंच नाही. पण त्यामुळे घराचा कागद बाईच्या नावावर असतो, आणि भांडण झालं तर बाहेर पडायची वेळ नवऱ्यावर येते. आपल्याकडे किती जणींना हे म्हणता येईल?

मग लाट आली आणि आम्ही मदतवाले आलो. किनाऱ्यापासून आत नवी जागा, नवी घरं, नवे कागद. अर्जावर कुटुंबप्रमुख. भरणारा सहीला पुरुषाला बोलवायचा, कारण सरकारी रीत तीच होती, आणि सरकारी जमिनीच्या परवान्यावर दोघांची नावं घालायची सोय नव्हती. घर गेलं बाईचं, भरपाईचं घर मिळालं नवऱ्याला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हक्क एका रकान्याने काढून घेतला, आणि आमच्या अहवालात ते ‘घरकुलं पूर्ण’ म्हणून नोंदलं गेलं. कार्यकर्त्या बायकांनी यावर पुष्कळ आवाज उठवला, पण बहुतेक वाटप तोवर उरकलं होतं.

म्हणून ‘आपण संकटग्रस्त देशात समानता घेऊन जातो’ हे वाक्य कोणी म्हणालं की मला हसू येतं. तिथे आधीपासून काय आहे ते बघा, ते आपल्या हातून मोडू नका. तेवढं साधलं तरी पहिल्या वर्षाला पुष्कळ झालं.

आता उत्तरेकडे, म्हणजे वन्नीत. सरकार आणि वेगळं तमिळ राष्ट्र मागणारी सशस्त्र संघटना एलटीटीई यांच्यात १९८३ ला सुरू झालेलं युद्ध मे २००९ मध्ये मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर, मुळ्ळिवाय्क्कालला संपलं. जगलेले लोक, तीन लाखांच्या घरात, वावुनियाच्या छावण्यांत काटेरी तारेच्या आत ठेवले गेले. सगळ्यात मोठी छावणी म्हणजे मेनिक फार्म. ती २०१२ च्या सप्टेंबरात बंद झाली. लोक गावी परतले तेव्हा घरात कर्ता पुरुष नाही अशी कुटुंबं हजारोंनी होती.

त्या प्रत्येकीकडे एक प्लॅस्टिकची पिशवी असायची. आत विवाहाचा दाखला, नवऱ्याचा पासपोर्ट आकाराचा फोटो, मुलांचे जन्मदाखले, रेड क्रॉसचं पत्र, मानवी हक्क आयोगात तक्रार दिल्याची पोच. किलिनोच्चीतल्या एकीची पिशवी मी पुष्कळदा उघडलेली पाहिली. कागद घड्यांवर फाटलेले, काही मागून चिकटपट्टी लावलेले. ती मला अक्का म्हणायची आणि मी तिला. हा शब्द तमिळमध्ये आहे, सिंहलीत आहे, आणि आमच्या कोल्हापूरकडेही आहे. त्या देशात भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना थोरल्या बहिणीसाठी एकच शब्द असावा, हे मला तेव्हा फार लागलं होतं.

तिचा नवरा शेवटच्या आठवड्यात बेपत्ता झालेला. ग्राम निलधारीकडे गेली, की तो म्हणायचा मृत्यूचा दाखला घे, मग भरपाईचं बघू. (ग्राम निलधारी म्हणजे आपले तलाठी आणि ग्रामसेवक एकत्र केले तर जे होईल ते. जुनं नाव ग्रामसेवकच; लोक अजून ‘जीएस’ म्हणतात.) हिचं म्हणणं, तो मेला असं मी लिहून देऊ? मग उद्या त्याला शोधायचं कोणी? कपाळावर पोट्टू, म्हणजे कुंकू, ती लावायची. त्यावर शेजारणी म्हणायच्या, नवरा नाही आणि नटते. पुसलं असतं, तर सासर म्हणालं असतं की बघा, हिनेच त्याला मेलेला ठरवला. रोज सकाळी आरशासमोर तिला तो निर्णय घ्यावा लागायचा.

त्यात जमिनीचं त्रांगडं. उत्तरेतल्या तमिळांना तेसवलमै नावाचा परंपरागत कायदा लागू होतो. त्यानुसार विवाहित बाईला स्वतःच्या नावावरची जमीनसुद्धा नवऱ्याच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नव्हती, गहाण टाकता येत नव्हती. नवरा बेपत्ता असेल तर संमती कोण देणार? कोर्टाकडून मिळवता यायची, पण कोर्ट म्हणजे वकील, तारखा, बसभाडं. आणि इकडे मुलगी लग्नाची. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘मृत्यू’ऐवजी ‘गैरहजेरी’चा दाखला मिळू लागला. माणूस मेला असं न म्हणता त्याच्या माणसांना व्यवहार करता यावेत, हा त्याचा हेतू. ही दुरुस्ती बायकांनी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवल्यामुळे झाली. आमच्यासारख्यांच्या कार्यशाळांनी ती आणली, असं मी म्हणणार नाही. दाखला मिळाला म्हणून शोध थांबला नाही, हेही सांगायला हवं. २० फेब्रुवारी २०१७ ला किलिनोच्चीत बेपत्तांच्या आया रस्त्याकडेला फोटो घेऊन बसल्या, त्या वर्षानुवर्षं बसून राहिल्या. कितीजणी वाट पाहतच गेल्या.

आता माझी चूक. त्या काळात मी ज्या संस्थेत होते, तिथे आम्ही ठरवलं की पुरुष नसलेल्या घरांना आधी मदत द्यायची. कोंबड्या, शिलाई यंत्रं, कुंपणाची जाळी. निर्णय बरोबर होता. पारदर्शकता हवी म्हणून आम्ही नावांची यादी, गल्ली आणि घरक्रमांकासकट, सामुदायिक केंद्राच्या भिंतीवर लावली. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लाभार्थी लावतात ना, तशी. आठवड्याभरात दोन बायका येऊन म्हणाल्या, अक्का, ती काढा. कुठल्या घरात रात्री पुरुष नाही याचा नकाशाच आम्ही गावाला वाटला होता. गावात सैन्याच्या चौक्या, परगावची कंत्राटी माणसं, आणि गावातलेही सगळे काही साधू नव्हते. यादी त्याच दिवशी काढली. पण फळ्यावरून काढलेली यादी लोकांच्या डोक्यातून निघत नाही. तेव्हापासून मी नाव न लावता क्रमांक लावते आणि ‘विधवा’ हा वेगळा रकाना सगळ्यांना दिसेल अशा कागदावर ठेवत नाही.

यानंतर कर्जाचं प्रकरण, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मी बचत गटांतून आलेली बाई आहे आणि इथे माझा सगळा आत्मविश्वास गळाला.

युद्ध संपलं, उत्तरेला जाणारा ए-नाइन महामार्ग खुला झाला आणि त्यावरून पहिल्यांदा काय आलं असेल तर सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्या. बायकांचे गट करायचे, एकीने दुसरीला जामीन राहायचं, दर आठवड्याला हप्ता. कागदावर हे आमच्या लातूर-उस्मानाबादच्या गटांसारखंच दिसायचं. फरक असा की आमच्या गटात आधी बचत असते, ती गटाची असते, आणि व्याज गटातच फिरतं. तिथे बचत नव्हतीच, होता फक्त हप्ता. त्यांची स्वतःची ‘सीट्टू’ होती, म्हणजे आपली भिशीच. ती आधी चांगली चालायची. कंपन्यांचे हप्ते सुरू झाल्यावर सीट्टूचे पैसे तिकडे वळू लागले. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र तज्ज्ञ २०१८ मध्ये येऊन गेले, त्यांनी वर्षाला २२० टक्क्यांपर्यंत व्याज आकारलं जात असल्याचं नोंदवलं.

वसुलीचा दिवस मी पाहिलाय. तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट, मोटरसायकल, खांद्याला काळी बॅग. तो अंगणात खुर्ची मागून घ्यायचा आणि पैसे मिळेपर्यंत उठायचा नाही. दिवेलागण झाली तरी नाही. घरात पुरुष नसलेल्या बाईच्या अंगणात परका तरुण अंधार पडेपर्यंत बसलाय, याचा अर्थ गावात काय लागतो हे त्याला ठाऊक असायचं. तेच त्याचं हत्यार होतं. काही ठिकाणी उघड मागणीही व्हायची, हप्त्याच्या बदल्यात. बायका मागच्या दाराने निघून झाडीत बसायच्या आणि पोरं सांगायची, अम्मा घरी नाही. कितीजणींनी जीव दिला. याला त्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘महिला सक्षमीकरण’ म्हणत.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये सरकारने दुष्काळग्रस्त १२ जिल्ह्यांतल्या बायकांची एक लाख रुपयांपर्यंतची सूक्ष्म कर्जं माफ केली. आणि मार्च २०२१ मध्ये पोलोन्नरुवा जिल्ह्यात हिंगुरक्गोडाला बायकांनी कर्जमाफीसाठी सत्याग्रह मांडला, पन्नासहून जास्त दिवस. हा सिंहली बहुसंख्येचा जिल्हा. युद्धात ज्या दोन बाजूंना होत्या, त्या बायका कर्जाच्या बाबतीत एकाच बाजूला निघाल्या.

मग २०२२. आधी २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी, जी काही महिन्यांत मागे घ्यावी लागली, पण हंगाम गेला तो गेलाच. परकीय चलन संपलं, १२ एप्रिल २०२२ ला सरकारने परदेशी कर्ज फेडणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरात कोलंबोच्या महागाई निर्देशांकानुसार खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षभरात जवळपास ९५ टक्क्यांनी महागल्या होत्या. सुमारे ६३ लाख लोकांना पुरेसं खायला मिळत नसल्याचा अंदाज होता, दोन कोटी वीस लाखांच्या देशात. गॅस, रॉकेल, पेट्रोल, सगळ्याला रांगा.

‘आधी पोट’ म्हणणाऱ्यांनी इथे एकदा थांबावं. पोट कोणाचं? घरात शेवटी जेवणारी कोण, हे मला मराठी वाचकाला सांगायला नको. चहाच्या मळ्यांत मात्र त्याच्याही खाली एक पायरी होती.

नुवारा एलियाच्या डोंगरातले मळ्यातले तमिळ, स्वतःला ‘मलैयह’ म्हणजे डोंगराकडचे म्हणवतात. इंग्रजांनी तमिळनाडूतून आणलेले, २०२३ मध्ये त्याला दोनशे वर्षं झाली. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने बहुतेकांना बिनदेशाचं केलं, १९६४ च्या सिरिमाओ-शास्त्री करारात दोन देशांनी त्यांची वाटणी केली, आणि उरलेल्यांना नागरिकत्व मिळायला २००३ उजाडलं. पानं खुडणाऱ्या मुख्यतः बायका. पुऱ्या दिवसाची मजुरी हवी तर साधारण १८ किलो पानं भरली पाहिजेत, पावसात, जळवा अंगावर घेऊन. २०२१ मध्ये मजुरी दिवसाला हजार श्रीलंकन रुपये झाली, आणि वर्षभरात महागाईने ती गिळली. बायकोची मजुरी नवऱ्याने उचलायची, ही पद्धतही मळ्यांत फार काळ होती.

राहायला ‘लाइन’, म्हणजे आपल्या चाळीसारख्या एका ओळीत खोल्या, इंग्रजांच्या काळातल्या. एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडं. घर मळ्याचं, जमीन मळ्याची, स्वतःचा पत्ता नाही. पत्र येतं ते मळ्याच्या कचेरीत. २०२३ मध्ये १९९५ पासूनची ‘समृद्धी’ योजना बाजूला सारून ‘अस्वेसुमा’ ही नवी रोख मदत आली. सर्वेक्षणाच्या गुणांवर पात्रता. आता सांगा, एका खोलीत तीन चुली असतील तर कुटुंबं किती? मोजणाऱ्याने एक धरलं की दोन चुली गेल्या. छप्पर पक्कं दिसतं, वीज आहे, म्हणजे गरीब नाही. पण ते छप्पर त्यांचं नसतं. देशभरातून हरकतींचे अर्ज लाखांनी आले. अर्ज करायला एक दिवस मोडायचा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून ज्यांची हरकत सगळ्यात खरी, त्यांचे अर्ज सगळ्यात कमी.

मळ्यांतल्या दंगलीतून सत्तरच्या दशकात पळून वन्नीत गेलेल्या अशाच कुटुंबांचं युद्धानंतर काय झालं ते बघा. भारत सरकारच्या मदतीने उत्तर-पूर्वेत हजारो घरं बांधली गेली, चांगलं काम झालं. पण घर बांधून द्यायला आधी जमीन लागते, आणि यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता. किलिनोच्चीत एकाच रांगेत नवी घरं आणि मधेच एखादी ताडपत्रीची झोपडी दिसली, की मी विचारायची. उत्तर बहुतेक वेळा तेच असायचं.

संकटाच्या त्या वर्षी आखातात घरकामाला जाणाऱ्या बायका वाढल्या. २०१३ पासून नियम होता की पाच वर्षांखालचं मूल असलेल्या आईला परदेशी कामाला जाता येणार नाही. डॉलर संपल्यावर २०२२ मध्ये ती अट दोन वर्षांवर आली. बापाच्या मुलांचं वय कधीच कोणी विचारलं नव्हतं.

बाकीच्या गटांचं थोडक्यात सांगते, महत्त्व कमी म्हणून नव्हे, तिथे माझा हात कमी फिरलाय म्हणून. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये एलटीटीईने उत्तरेतून सुमारे ७५ हजार मुसलमानांना हाकललं, जाफन्यात तर दोन तासांची मुदत देऊन. ते पुत्तलमला गेले. आज नोंद पुत्तलमला की जाफन्याला, या वादात दोन्हीकडच्या यादीतून गळतात. मुस्लिम बायकांची अडचण दुहेरी: १९५१ चा विवाह कायदा लग्नाचं किमान वय ठरवत नाही आणि काझी बाई होऊ शकत नाही. पण २०१९ च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनंतर समाजावरच रोख आल्यावर, त्या सुधारणा मागणाऱ्या बायकांना घरातून ‘आत्ता नको’ असंच ऐकावं लागलं. समलिंगी संबंध १८८३ च्या दंडविधानाने अजून गुन्हा आहेत. तो बदलायचं विधेयक घटनेच्या विरोधात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितलं. पारलिंगी व्यक्तींना २०१६ पासून लिंगओळखीचं प्रमाणपत्र मिळतं, पण ओळखपत्र बदलेपर्यंत फोटो एक आणि माणूस दुसरा. इंधनाच्या कोट्यासाठी ओळखपत्राचा क्रमांक लागू लागला, तेव्हा पंपावर काय झालं असेल याची कल्पना करा.

तुम्ही विचाराल, मग राजकारणात बायका आल्या तर सुटेल का? या देशाने १९६० मध्ये जगाला पहिली महिला पंतप्रधान दिली. आणि २०२४ मध्ये निवडून आलेल्या २२५ जणांच्या संसदेत बायका दहा टक्क्यांनाही टेकत नाहीत, तरी तो त्यांचा उच्चांक! स्थानिक संस्थांत २०१८ ला २५ टक्के राखीव जागा आल्या तेव्हा मात्र फरक जाणवला. पाणी आणि कचऱ्याबद्दल बोलणारं कोणीतरी सभागृहात होतं. आपल्याकडच्या सरपंच बायकांना पाहिलेल्याला हे नवं नाही, ‘सरपंचपती’सकट.

तर, अहवालापुरतं होतं का? पुष्कळदा, हो. बॅनर, चहा-बिस्कीट, सह्यांचा कागद, ‘४० पैकी २८ महिला’. सकाळी अकराची सभा आणि पानं खुडणारी बाई त्या वेळी डोंगरावर. मी स्वतः असे अहवाल लिहिलेत.

तुम्ही जाल तेव्हा पहिला आठवडा लोकांना प्रशिक्षण देत बसू नका. अर्जाचा कोरा नमुना मागा आणि बघा: कुटुंबप्रमुखाचा रकाना एक आहे की दोन? बेपत्ता नवऱ्यासाठी काय लिहायचं? एका छपराखाली दोन चुली असतील तर? पैसे कोणाच्या खात्यात जाणार, आणि बँक किती लांब आहे? हे बदलायला निधी लागत नाही. छापखान्यात जायच्या आधी कोणीतरी भांडावं लागतं. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी आपल्याकडे किती खटपट झाली ते वाचून जा, भांडायला कामी येईल. श्रीलंकेतही सरकारी जमिनीच्या वारसाहक्कात थोरल्या मुलाला पहिला मान देणारा १९३५ चा कायदा २०२२ मध्ये बदलला. देश दिवाळखोरीत निघालेला असताना. तेव्हा ‘ही वेळ नाही’ असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण सांगा.

आणि जाताना जाड प्लॅस्टिकच्या, बटणाच्या फायली घेऊन जा, पन्नास-शंभर. कागद लॅमिनेट करून देऊ नका. किलिनोच्चीच्या त्या अक्काचा विवाहाचा दाखला मी हौसेने लॅमिनेट करून आणला होता. पुढच्या कचेरीत त्यावर शिक्का उमटेना, तेव्हा आम्ही दोघी बाकावर बसून ब्लेडने ते प्लॅस्टिक सोलत होतो, अर्धा तास.